अंडी आणि कोंबडीचे घाऊक भाव: नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

शेड चालवणारे, चिकन सेंटरवाले, खानावळीसाठी अंडी घेणारे आणि नव्याने या धंद्यात उतरू पाहणारे, यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिण्याऐवजी तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांत ‘समजा’ म्हणून घेतलेले आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत, आजचा भाव म्हणून ते धरू नयेत.

१. मोबाइलवर रोज ‘आजचा अंडी रेट’ येतो. तो नक्की कशाचा असतो?

बहुतेक वेळा तो एनईसीसीने, म्हणजे नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीने त्या त्या केंद्रासाठी सुचवलेला भाव असतो. पिंजऱ्यातल्या लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या पांढऱ्या अंड्यांचा, शंभर नगांचा. समजा ५५० लिहिलं असेल, तर अंडं साडेपाच रुपयांना पडलं. तीस अंड्यांचा ट्रे १६५ रुपयांना आणि सात ट्रेची, म्हणजे २१० अंड्यांची पेटी ११५५ रुपयांना. काही जण हाच आकडा ‘५.५०’ असा पाठवतात. शंभराचा आकडा आणि एका अंड्याचा आकडा यात गोंधळ होत नाही, पण ट्रेचा भाव आणि शंभराचा भाव यात नवख्यांचा गोंधळ हमखास होतो. भाव ऐकल्यावर ‘कितीचा?’ हे आधी विचारावं.

२. हा भाव सरकार ठरवतं का?

नाही. एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संघटना आहे, सरकारी खातं नव्हे. १९८० च्या सुमाराला अंड्याचा भाव मोठ्या शहरांतले व्यापारी ठरवत आणि अनेकदा तो उत्पादन खर्चाच्याही खाली असे. पोल्ट्री उद्योजक डॉ. बी. व्ही. राव यांनी उत्पादकांना एकत्र आणलं आणि १९८२ मध्ये ही समिती उभी राहिली. ‘माझं अंडं, माझा भाव, माझं आयुष्य’ अशा अर्थाची घोषणा तेव्हाची. ‘संडे हो या मंडे’ ही जाहिरात पुढे घराघरांत पोचली.

प्रत्येक विभागातले उत्पादक शिल्लक साठा, शेजारच्या केंद्रांचे भाव आणि मागणी पाहून भाव सुचवतात. ‘सुचवतात’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तो कोणावर बंधनकारक नाही. त्यापेक्षा कमी दिला म्हणून व्यापाऱ्यावर कारवाई होत नाही आणि जास्त घेतला म्हणून तुमच्यावरही नाही.

३. मग अंड्याला किंवा कोंबडीला हमीभाव आहे का?

नाही. गंमत अशी की कोंबडी जे खाते त्या मक्याला आणि सोयाबीनला केंद्राचा हमीभाव आहे. २०२५-२६ साठी मका २४०० रुपये क्विंटल आणि सोयाबीन ५३२८ रुपये. म्हणजे खर्चाच्या बाजूला निदान कागदावर एक तळ आहे, उत्पन्नाच्या बाजूला तोही नाही. बाजारात मका आणि सोयाबीन हमीभावाखालीही विकले जातात हे खरं, आणि तेव्हा पोल्ट्रीवाल्याचं भलं होतं. एकाच घरात सोयाबीन आणि शेड दोन्ही असेल तर कोणत्या बातमीवर खूश व्हायचं हा प्रश्नच पडतो.

४. पुण्याचा भाव वेगळा, मुंबईचा वेगळा, हैदराबादचा त्याहून वेगळा. एवढा फरक कशामुळे?

केंद्रं दोन प्रकारची असतात. तमिळनाडूतलं नामक्कल, हैदराबाद, विजयवाडा, हरियाणातलं बरवाला ही उत्पादनाची केंद्रं. तिथला भाव साधारण फार्मच्या दारातला. मुंबई, दिल्ली, चेन्नई ही खपाची केंद्रं, यादीत त्यांच्यापुढे ‘सीसी’ लिहिलेलं दिसतं. तिथल्या भावात गाडीभाडं, वाटेतली फुटतूट आणि माल शहरात पोचवण्याचा खर्च मिळवलेला असतो. त्यामुळे मुंबईचा भाव हैदराबादपेक्षा चढा असणं हे नेहमीचंच.

महाराष्ट्राचं म्हणाल तर आपण स्वतःच्या गरजेएवढी अंडी काढत नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने सांगितलेला हिशेब असा होता: रोजचा खप सव्वादोन कोटींच्या वर, उत्पादन एक ते सव्वा कोटी. उरलेली अंडी कर्नाटक, तेलंगण आणि तमिळनाडूतून येतात. म्हणून आपल्याकडचा भाव आपल्या शेडमध्ये काय चाललंय यापेक्षा तिकडून किती गाड्या निघाल्या यावर जास्त हलतो. माझ्या मते सोलापूर किंवा सांगलीच्या शेतकऱ्याने पुण्याच्या आधी हैदराबादचा भाव बघावा. तिथे दोन-तीन दिवस सलग घसरण झाली की आपली पाळी फार लांब नसते.

आणखी एक बारकावा. यादीत काही केंद्रांचा ‘सुचवलेला’ भाव असतो आणि काहींचा ‘चालू’ भाव, म्हणजे प्रत्यक्ष बाजारात दिसलेला. दोन्ही एकाच पानावर असतात, पण त्यांची तुलना जपून करावी.

५. यादीत ५५० आहे, व्यापारी मला ५२० च देतो. ही फसवणूक आहे का?

हा सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत तापलेला प्रश्न. यालाच धंद्यात ‘मायनस’ म्हणतात. व्यापारी जाहीर भावातून शेकड्यामागे काही रुपये वजा करून माल उचलतो. नामक्कलमध्ये तर जाहीर भाव आणि मायनस या दोन गोष्टी जोडीनेच बोलल्या जातात.

मायनसची काही कारणं रास्त असतात. अंडी बारीक असतील, फार्म आडबाजूला असेल आणि गाडी तुमच्या एका शेडसाठी वाट वाकडी करून येत असेल, पैसे रोख मिळत असतील, तर थोडी वजावट समजण्यासारखी आहे. पण बाजारात माल तुंबला की मायनस वाढतो आणि जाहीर भाव मात्र तसाच राहतो, तेव्हा तो आकडा नुसता शोभेचा उरतो. अशा वेळी खरा भाव काय हे कळायला एकच उपाय: आसपासच्या चार-पाच फार्मना आज हातात काय पडलं ते विचारणं. बरेच उत्पादक ही माहिती एकमेकांपासून लपवतात आणि त्याचा फायदा नेमका घेणाऱ्याला होतो.

दर नोंदवताना दोन रकाने ठेवा, जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव. तीन-चार महिन्यांत तुमचा नेहमीचा फरक किती हे दिसू लागतं. त्यापलीकडे मायनस गेला की व्यापाऱ्याशी बोलायला हातात काही असतं. उलट टंचाईच्या दिवसांत जाहीर भावाच्या वरही पैसे मिळतात. ती नोंदही ठेवावी, नाहीतर चित्र एकांगी होतं.

६. अंड्याच्या आकाराने भाव किती बदलतो?

अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत ६० ग्रॅम आणि त्यावरचं अंडं अतिमोठं, ५३ ते ५९ मोठं, ४५ ते ५२ मध्यम आणि ३८ ते ४४ लहान. जाहीर भाव प्रौढ कोंबडीच्या सर्वसाधारण अंड्याला धरून असतो. नवी बॅच, म्हणजे शेडमध्ये एकदम आणलेल्या कोंबड्यांचा गट, १८ ते २० आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते, पण सुरुवातीची अंडी बारीक असतात आणि त्यांना कमी भाव मिळतो. हा काही व्यापाऱ्याचा डाव नाही. गिऱ्हाईक ट्रे उचलून बघतं आणि बारीक दिसला की खाली ठेवतं.

वडापाव आणि भुर्जीच्या गाड्यांवर मात्र बारीक अंड्यालाही उठाव असतो, कारण तिथे विक्री नगावर चालते. बेकरीला वजन हवं असतं. म्हणून बारीक माल कुठे न्यायचा हे ठरवूनच बॅच टाकावी.

तडकलेली अंडी वेगळी काढून त्याच दिवशी, जवळच्या जवळ विकली जातात. त्यांना ठरलेला भाव नसतो.

७. घाऊक भाव साडेपाच आणि किराणा दुकानात अंडं सात रुपयांना. मधले पैसे कोण खातं?

एकटा कोणी खात नाही. शहरातला होलसेलर, ट्रे पोचवणारा टेम्पोवाला आणि दुकानदार अशा तीन हातांतून माल जातो, प्रत्येक हाताला फुटतूट सोसावी लागते. शिवाय किरकोळ दुकानदार भाव रोज बदलत नाही. घाऊक भाव चढला की तो लगेच वाढवतो, उतरला की आठवडाभर तसाच ठेवतो. गिऱ्हाइकाची तक्रार इथे अगदी रास्त आहे. अंडी आणि जिवंत कोंबडी यांवर जीएसटी नाही, त्यामुळे ‘टॅक्समुळे महाग’ हे कारण कोणी दिलं तर ऐकून घेऊ नका.

८. हिवाळ्यात अंडी महाग होतात, उन्हाळ्यात तर कोंबडी कमी अंडी देते. मग उन्हाळ्यात भाव का चढत नाही?

कारण उन्हाळ्यात उत्पादन घटतं त्यापेक्षा खाणं जास्त घटतं. उष्णतेने कोंबडी खाद्य कमी खाते, अंडी कमी आणि बारीक होतात, कवच पातळ पडतं. पण ‘अंडं उष्ण असतं’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, त्यात शाळा-वसतिगृहं बंद, आणि अंडी फ्रिजबाहेर लवकर बिघडतात म्हणून दुकानदारही साठा कमी ठेवतो.

हिवाळ्यात उलट होतं. उत्तर भारतात थंडी पडली की तिथला खप झपाट्याने वाढतो, नाताळच्या केकसाठी बेकऱ्या माल उचलतात आणि दक्षिणेकडच्या गाड्या उत्तरेकडे वळतात. महाराष्ट्राकडे येणारा माल कमी झाला की इथे भाव चढतो, मग आपल्याकडे थंडी असो वा नसो. परदेशी मागणीचाही थोडा हात असतो. नामक्कलची अंडी ओमान, कतारसारख्या आखाती देशांत जातात, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात तुटवडा पडल्यावर मलेशियानेही तिथून अंडी घेतली होती.

९. श्रावणात भाव पडतो हे माहीत आहे. पण तो नेमका कधी पडतो आणि कधी सावरतो?

पंचांग नीट वाचलं तर हा अंदाज बराच जमतो. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो आणि अमावास्येला संपतो. उत्तरेतला पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणजे आपल्या आधी पंधरा दिवस. त्यामुळे आपल्याकडे आषाढातल्या शेवटच्या आठवड्यात, गटारीच्या आधी, चिकनला जोरदार उठाव असतो तेव्हा उत्तरेचं अंड्याचं गिऱ्हाईक थंड पडलेलं असतं. अंडी आणि ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, त्या पंधरवड्यात वेगवेगळ्या दिशांना जाताना दिसतात ते यामुळे.

गटारीचा दिवस गेला की ब्रॉयलरचा भाव घसरतो. श्रावण संपला तरी लगेच सावरत नाही, कारण पाठोपाठ गणपती असतात. कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तेवढ्यापुरता त्या पट्ट्यात एक दिवसाचा उठाव येतो. मग पितृपक्ष, मग नवरात्र. खरी मोकळीक दसऱ्यानंतर मिळते. मार्गशीर्षातले गुरुवार पुन्हा थोडा चिमटा काढतात.

ज्या वर्षी अधिक श्रावण येतो त्या वर्षी सगळे हिशेब बिघडतात. २०२३ मध्ये १८ जुलैला अधिक मास लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला. काही घरांनी दोन्ही महिने पाळले, काहींनी एकच. अशा वर्षी पिल्लं कधी टाकायची यावर ठाम सल्ला देणाऱ्यापासून दोन हात लांब राहावं.

आठवड्याचंही एक चक्र आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटण-चिकनचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी या दिवशी दुकानं थंड. लिफ्टिंग, म्हणजे फार्मवरून पक्षी उचलणं, कोणत्या दिवशी ठरतं यावर हातात येणारा भाव बदलू शकतो.

१०. ब्रॉयलरचा भाव कोण काढतं? त्यालाही एनईसीसी आहे का?

अंड्यासारखी देशभराची एक यादी ब्रॉयलरला नाही. तमिळनाडूत पल्लडमची ब्रॉयलर कोऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे बीसीसी, भाव जाहीर करते आणि दक्षिणेत तो आधार मानला जातो. आपल्याकडे मोठ्या कंपन्या आणि व्यापारी यांच्यात फोनवर बोलणी होऊन दुसऱ्या दिवशीचा भाव निघतो आणि तोच सगळीकडे फिरतो. हा भाव जिवंत पक्ष्याचा, किलोचा आणि फार्मवरचा असतो. अंड्याच्या भावापेक्षा तो कितीतरी जास्त उसळतो. तयार झालेला पक्षी शेडमध्ये ठेवला की खातो, पण त्या खाद्याच्या मानाने वजन घेत नाही, त्यामुळे विकणारा फार दिवस थांबू शकत नाही.

११. जिवंत कोंबडी १०० रुपये किलो, मग चिकन २०० च्या आसपास कसं?

सोललेल्या चिकनचा उतारा जिवंत वजनाच्या साधारण ६५ टक्के पडतो. पिसं, रक्त, कातडी, आतडी, डोकं, पाय वजा होतात. समजा दुकानदाराला जिवंत पक्षी १०० रुपये किलोने पोचला, तर सोललेल्या किलोची नुसती मालाची किंमत १५४ रुपये झाली. त्यावर कारागीर, गाळ्याचं भाडं, वीज, बर्फ, पिंजऱ्यात मेलेले पक्षी आणि त्याचा नफा. कातडीसकट घेतलं तर उतारा जास्त, म्हणून ते स्वस्त.

भागाकाराचा हा नियम गिऱ्हाइकालाही उपयोगी आहे. जिवंत भावाला ०.६५ ने भागा आणि दुकानातला भाव त्याच्या किती वर आहे ते बघा. दोन्हींतलं अंतर एकदम वाढलेलं दिसलं तर दुकान बदलून बघायला हरकत नाही.

१२. माझे पक्षी तीन किलोचे झालेत. वजन जास्त असून किलोचा भाव कमी का मिळाला?

हॉटेल आणि तंदूरवाल्यांना सव्वा ते दीड किलोचा पक्षी हवा असतो, दुकानदाराला साधारण दोन-सव्वादोनचा. त्यापुढचा पक्षी घेणारे कमी. त्यांना मोठ्या पक्ष्याचं मांस काढून विकायचं असतं आणि ते घासाघीस करतात. शिवाय मोठा पक्षी दारात आला याचा अर्थ भाव नव्हता म्हणून शेतकऱ्याने थांबवला होता, हे व्यापाऱ्याला कळतं. भाव वाढेल या आशेवर आठवडाभर पक्षी थांबवणं हा बहुतेक वेळा तोट्याचा जुगार ठरतो.

टंचाईत मात्र हे उलटं होतं. तेव्हा जे मिळेल ते उचललं जातं, वजनाचे वेगळे भाव राहत नाहीत.

१३. मी कंपनीच्या करारावर पक्षी वाढवतो. भाव चढला तर मला काही मिळतं का?

करारात कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते आणि पक्षी तिच्याच मालकीचे राहतात. तुम्हाला किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात. ते ठरतात मरतुक किती झाली आणि एक किलो वजनाला खाद्य किती लागलं यावर. त्यामुळे बाजार पडला तरी तुमचा दर साधारण टिकतो आणि चढला तरी तो फारसा वाढत नाही. काही करारांत विक्री भाव ठरावीक आकड्याच्या वर गेला तर प्रोत्साहन रक्कम असते. ते कलम तुमच्या कागदात आहे का आणि कोणता भाव त्यासाठी धरला आहे, फार्मवरचा की कंपनीच्या बिलावरचा, हे सही करण्याआधी बघा. ‘बाजारभाव’ एवढाच मोघम शब्द लिहिला असेल तर त्या कलमावर भिस्त ठेवू नये.

१४. लिफ्टिंगच्या वेळी वजनात घट धरतात. किती मान्य करावी?

पक्षी पकडण्याआधी काही तास खाद्य बंद करायची पद्धत आहे, पाणी चालू राहतं. पोट भरलेला पक्षी काट्यावर जड दिसतो, पण दुकानात पोचेपर्यंत ते वजन उतरतं आणि व्यापारी पुढच्या वेळी तुमच्या मालावर आधीच घट लावतो. उपाशी किती तास ठेवला हे दोघांच्या समोर ठरलं की भांडणाचं मूळच जातं. लांबच्या प्रवासात, त्यातही उन्हाळ्यात, ३ ते ५ टक्के वजन उतरू शकतं. पण वजन फार्मवर झालं असेल तर ही घट घेणाऱ्याची. फार्मवर वजन करून वर घट कापणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं, तिथे स्पष्ट नाही म्हणावं. काटा कोणाचा, हेही आधी बोला.

१५. खाद्य महाग झालं की अंड्याचा भाव आपोआप वाढायला नको का?

वाढायला हवा, पण वाढत नाही, निदान लगेच नाही. लेयर कोंबडी दिवसाला सुमारे ११० ते ११५ ग्रॅम खाद्य खाते. रोज अंडं देत नाही हे धरलं तर एका अंड्यामागे १२५ ते १३० ग्रॅम खाद्य जातं. म्हणजे खाद्य किलोला दोन रुपयांनी चढलं की अंड्याचा खर्च साधारण पंचवीस पैशांनी वाढतो. ब्रॉयलरला एक किलो वजनासाठी १.६ किलोच्या आसपास खाद्य लागतं, तिथे तीच वाढ किलोमागे सव्वातीन रुपये.

खर्च वाढला म्हणून कोंबडीला अंडी थांबवायला सांगता येत नाही. ती देतच राहते आणि माल रोज विकावाच लागतो. खर्चाचा परिणाम भावावर येतो तो वळसा घालून. तोटा सोसून काही शेड बंद पडतात, नव्या बॅच कमी टाकल्या जातात, आणि चार-सहा महिन्यांनी अंडी कमी झाल्यावर भाव वर जातो. तोवर जो टिकला त्याला तो भाव मिळतो.

२०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव इतके भडकले की केंद्राने ऑगस्टमध्ये जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. सोयाबीन शेतकरी तेव्हा चिडले होते, आणि त्यांच्या जागेवरून पाहिलं तर त्यांचंही बरोबर होतं. त्यानंतर इथेनॉलसाठी मका वळू लागला आणि पोल्ट्रीवाल्यांचं लक्ष पेंडीवरून मक्याकडे गेलं.

१६. पुढच्या महिन्याचा ब्रॉयलर भाव आधी कळायचा काही मार्ग आहे?

खात्रीचा नाही. पण पिल्लांचा भाव आणि त्या आठवड्यात शेडमध्ये टाकलेली पिल्लं यावरून दिशा कळते. अंडं उबवायला २१ दिवस, मग पक्षी तयार व्हायला ३५ ते ४२ दिवस. आज पिल्लू महाग आहे म्हणजे सगळे एकदम बॅच टाकत आहेत, आणि सहा आठवड्यांनी ते सगळे एकदम विकायला येणार. पिल्लू स्वस्तात विकलं जातंय किंवा हॅचरी उबवणीची अंडी खायला विकतेय अशी चर्चा ऐकू आली, तर तेव्हा टाकलेल्या बॅचला बरा भाव मिळण्याची शक्यता जास्त. सणांचं गणित (प्रश्न ९) यात मिळवा. श्रावणाची भीती धरून सगळ्यांनीच पिल्लं कमी टाकली तर श्रावणातही भाव टिकलेला दिसतो.

१७. बर्ड फ्लूची बातमी आली की भाव किती दिवस पडतो? माझ्या गावात रोग नसतानाही?

बातमीला जिल्ह्याची सीमा नसते. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंबा गावात. दोन्ही वेळा शेकडो किलोमीटर लांबच्या फार्मचाही माल पडून राहिला.

नियम असा: रोग सापडला त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारून पुरले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी असते, तिथे वाहतूक आणि विक्रीवर बंदी येते. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई सरकारी दराने मिळते, त्या दिवशीच्या बाजारभावाने नाही. आणि ती मारलेल्या पक्ष्यांची असते, त्याआधी रोगाने मेलेल्यांची नाही. म्हणून संशय आला की त्याच दिवशी कळवणं पैशाच्या दृष्टीनेही फायद्याचं. निगराणी क्षेत्रात असून रोग नसलेल्यांचं नुकसान सर्वांत अवघड. पक्षी जिवंत, खाणं चालू, विक्री बंद.

भाव सावरताना आधी अंडी वर येतात, चिकन मागून. नीट शिजवलेल्या अंड्या-चिकनमध्ये, म्हणजे ७० अंश सेल्सिअसच्या वर, हा विषाणू टिकत नाही. हे दुकानावर लिहून लावलं तर थोडा फरक पडतो.

१८. २०२० मध्ये तर आपल्याकडे कोंबड्यांना रोगही नव्हता, तरी कोंबड्या फुकट वाटाव्या लागल्या. तसं पुन्हा होऊ शकतं?

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनमधून कोरोना पसरतो ही अफवा मोबाइलवरून पसरली आणि जिवंत पक्ष्याचा भाव उत्पादन खर्चाच्या पार तळाला गेला. अफवा खोटी होती. पण पुढे टाळेबंदी उठताना मात्र टंचाई झाली, कारण मधल्या काळात पिल्लंच कुणी टाकली नव्हती (प्रश्न १६). पुन्हा होऊ शकतं, आणि त्याचा आगाऊ अंदाज कुठल्याही भावयादीत मिळणार नाही. स्वतःच्या पैशावर बॅच टाकणाऱ्याने एका बॅचचा पूर्ण तोटा सोसण्याएवढा पैसा हाताशी ठेवावा. कर्ज काढून एकदम दुप्पट शेड बांधणाऱ्यांना हेच सांगणं असतं आणि ते फारसं कोणाला आवडत नाही.

१९. अंडी देऊन संपलेल्या कोंबड्यांना काय भाव मिळतो?

७२ ते ८० आठवड्यांनंतर लेयर बॅच काढतात. या कोंबड्यांचं मांस चिवट आणि रस्सा चवदार, काही भागांत त्यांना खास गिऱ्हाईक असतं. भाव किलोवर किंवा नगावर ठरतो, त्याला जाहीर यादीचा आधार नाही. ब्रॉयलर महाग असला की यांनाही वर नेतो. अंड्याचा भाव पडलेला असताना अनेक फार्म एकदम बॅच काढतात आणि तेव्हाच यांचा भाव सर्वांत कमी असतो. शक्य असेल तर चार आठवडे आधीच घेणारा ठरवून ठेवावा.

२०. गावरान आणि ब्राउन अंड्यांचा भाव यादीत का नसतो?

कारण त्यांचा माल एका जागी मोठ्या प्रमाणात जमतच नाही. आठवडी बाजारात बाई पाटीत घेऊन बसते ती जो सांगेल तो भाव. ब्राउन अंडी मात्र वेगळी. व्यापारी जातीच्या तपकिरी कोंबड्याही पिंजऱ्यात ठेवल्या जातात आणि त्यांची अंडी गावरान म्हणून सर्रास विकली जातात. कवचाच्या रंगावरून कोंबडी परसात फिरली की पिंजऱ्यात राहिली हे कळत नाही. जास्त पैसे मोजायचे असतील तर अंडी कुठून आली हे माहीत असलेल्याकडूनच घ्यावीत. कडकनाथचंही तसंच. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक काळ्या कोंबडीला ते लागू होत नाही.

२१. आमच्या मेसला वर्षभर अंडी पुरवायचा करार करायचा आहे. भाव कसा लिहावा?

वर्षभर एकच भाव लिहू नका. हिवाळ्यात पुरवणारा माल देणं टाळेल किंवा बारीक अंडी पाठवेल, आणि उन्हाळ्यात तुम्ही जास्त पैसे मोजाल. त्याऐवजी ‘एनईसीसीच्या पुणे केंद्राचा भाव अधिक शेकड्यामागे इतके रुपये’ असं लिहा. मग पुढच्या गोष्टी स्पष्ट करा: कोणत्या दिवसाचा भाव, माल निघाला त्या दिवसाचा की पोचला त्या, किमान वजन किती ग्रॅम, ट्रेमागे किती फुटकी चालतील आणि त्यापुढची कोणाच्या खात्यावर, पोचवण्याचा खर्च आत की बाहेर. एखाद्या दिवशी भाव जाहीर झाला नाही तर आदल्या दिवसाचा धरायचा, ही एक ओळ लोक हमखास विसरतात आणि नंतर बिलावरून वाद होतो.

चिकनसाठी असा सर्वमान्य आधार नाही (प्रश्न १०). तिथे आठवड्याच्या सुरुवातीला दोन पुरवठादारांकडून भाव घेऊन आठवडाभरासाठी ठरवणं जास्त सोयीचं पडतं.

२२. दोन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच केंद्राचे, एकाच दिवशी दोन वेगळे भाव आले. खरा कोणता?

आधी तारीख बघा, कालचा संदेश आज पुढे ढकलला जाणं हे रोजचं आहे. मग एकक बघा (प्रश्न १). त्यानंतर एक सुचवलेला आणि एक चालू भाव आहे का ते (प्रश्न ४), किंवा एकात मायनस वजा करूनच आकडा दिलाय का ते (प्रश्न ५). अंड्याच्या बाबतीत एनईसीसीच्या संकेतस्थळावर केंद्रवार, तारीखवार महिन्याचा तक्ता असतो, तिथे दोन मिनिटांत उत्तर मिळतं. ब्रॉयलरच्या बाबतीत बऱ्याचदा दोन्ही आकडे खरे असतात: एक कंपनीने सांगितलेला आणि दुसरा संध्याकाळपर्यंत माल न उठल्यामुळे उतरवलेला. अशा दिवशी सकाळी लिफ्टिंग झालेल्या शेजाऱ्याला किती मिळाले तेवढं विचारा.